एकाच माळेतले दोन दिवे

जिल्ह्याच्या प्रशिक्षणात तज्ज्ञांनी 'स्टुडंट एंगेजमेंट' असा शब्द उच्चारला, तेव्हा शेजारी बसलेले चित्रकलेचे सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "कुणाची?" आमच्याकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. मी हसू दाबलं. पण पुढचे आठ महिने त्या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही.

पाटण तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्या प्रशिक्षणातून प्रत्येक विज्ञान शिक्षकाने एक कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गावर केलेलं छोटं संशोधन, करायचं ठरलं. विषय होता वर्गातलं तंत्रज्ञान आणि मुलांचा सहभाग. कृतिसंशोधन आम्हाला नवीन नाही. बी.एड.ला प्रत्येकाने केलेलं असतं, म्हणजे निदान सादर तरी केलेलं असतं. आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवाल मिळायचे. शाळेचं नाव आणि वर्ष बदललं की काम झालं. माझ्या एका मैत्रिणीच्या अहवालात प्रस्तावनेत साताऱ्याची शाळा होती आणि निष्कर्षात कोल्हापूरची. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, गुणही चांगले पडले.

या वेळी मला खरंच करून बघायचं होतं, आणि त्याचं कारण होतं टीव्ही. मुंबईला माथाडीत असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही दिला होता. नारळ फुटला, फोटो झाले. त्यानंतर मी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ लावू लागले. व्हिडिओ लागला की वर्ग चिडीचूप. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना समाधानाने मान हलवायचे. मलाही बरं वाटायचं, पण कुठेतरी खटकायचंही. एरवी माझ्या तासाला "बाई, पण..." म्हणणारी चार-पाच पोरं असतात. टीव्ही सुरू झाला की तीही गप्प. हा सहभाग म्हणायचा की नुसती शांतता?

तेच माझं संशोधन झालं. शीर्षक मात्र रीतसर अडीच ओळींचं करावं लागलं, 'परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास' हे शेपूट लावून. त्याशिवाय अहवाल घेत नाहीत.

धडा निवडला नववीचा 'धाराविद्युत'. त्यात एक जुनी खोड आहे. दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग, लावले आणि कुठला जास्त उजळेल असं विचारलं, तर बहुतेक मुलं सांगतात, घटाच्या धन टोकाजवळचा. त्यांच्या मते पहिला बल्ब विद्युतधारा वापरून घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला उरलीसुरली येते. ही समजूत फक्त आमच्या पोरांची नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८०च्या दशकात मुलांशी बोलून नेमकी हीच नोंदवली होती. सूत्रं पाठ करून दहावीत उत्तम गुण मिळवणारी मुलंही ती बरोबर घेऊन पुढे जातात. म्हणून मी तोच प्रश्न पूर्वचाचणीत ठेवला, आणि उत्तरं अपेक्षेप्रमाणेच आली.

मग टीव्हीवर फेटचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, लावलं. फेट हा अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले कार्ल वाइमन यांनी तो २००२ साली सुरू केला. सगळं फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. पाटणमध्ये हे फार मोलाचं. पडद्यावर घट, तारा, बल्ब ओढून जोडायचे. तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. जिथे हवा तिथे धारा मोजणारा अमीटर लावता येतो.

निरीक्षणासाठी भूगोलाच्या बाईंना मागच्या बाकावर बसवलं. आम्ही आठ मुलं ठरवली, प्रत्येक रांगेतली दोन. दर दोन मिनिटांनी त्या आठांकडे बघून एक खूण करायची. रकाने पाच: पाहतोय, लिहितोय, विषयाचं बोलतोय, भलतंच बोलतोय, काहीच नाही. तास संपल्यावर तक्ता हातात घेतला तर 'पाहतोय'चा रकाना खच्चून भरलेला. मी खूश. अहवालात घालायला छान आलेख झाला असता.

मधल्या सुट्टीत त्या आठांतल्या एकाला विचारलं, "काय बघितलंस रे?"

"बॅटरी पेटलेली, बाई."

मी दाखवताना चुकून शॉर्टसर्किट झालं होतं. तसं झालं की सिम्युलेशनमध्ये घटाला आग लागते. तासाच्या सुरुवातीलाच हे घडलं आणि पुढची पंचवीस मिनिटं हा गडी, आणि नंतर कळलं की अर्धा वर्ग, ती पुन्हा कधी पेटते याची वाट बघत डोळे लावून बसला होता. 'पाहतोय' ही खूण बरोबरच होती. काय पाहतोय याला रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच दोन बल्बांचा प्रश्न फळ्यावर लिहिला. उत्तरं जवळपास जशीच्या तशी.

मग थोडं वाचन केलं. फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या तिघांनी २००४ साली सहभागाचे तीन पदर वेगळे करून मांडले आहेत: मूल वागतं कसं, त्याला वाटतं काय आणि ते डोकं किती लावतं. माझा तक्ता पहिल्याच पदराशी थांबत होता. डोळे कुठे आहेत ते मागच्या बाकावरून दिसतं. डोकं कुठे आहे ते कसं दिसणार?

भूगोलाच्या बाईंनी सोपा उपाय सुचवला. "तुझा तास रेकॉर्ड कर आणि घरी जाऊन ऐक." टेबलावर मोबाईल ठेवून मी दोन तास रेकॉर्ड केले. रात्री भांडी आवरल्यावर कानात वायर घालून ऐकायला बसले आणि दहा मिनिटांत बंद केलं. आपलाच आवाज ऐकवत नाही हे एक. दुसरं असं की मी प्रश्न विचारत होते आणि मीच उत्तर देत होते, मधे श्वास घेण्याइतकीही जागा न सोडता. "विद्युतधारा कुठून कुठे वाहते? धन टोकाकडून... कुठे? ऋण टोकाकडे. बरोबर?" "होऽऽ!" "कळलं का?" "होऽऽ!" ही 'होऽऽ' पहिलीपासून पोरांच्या अंगवळणी पडलेली असते. तिच्यात ना होकार असतो ना नकार, ती नुसती वर्गाची जांभई.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात शिक्षकांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, न बोलणारी बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटतं. चाळीस पोरांसमोर गप्प उभं राहून बघा. मी पाठीमागे हात घेऊन बोटांवर मोजायचे. पहिल्या आठवड्यात दोनच्या पुढे गेले नाही.

त्याच सुमारास हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्याबद्दल वाचलं. हा माणूस भौतिकशास्त्र शिकवण्यात नावाजलेला. मुलांची आकडेमोड उत्तम, पण साध्या संकल्पनेचा प्रश्न दिला तर एकीने त्यांनाच उलट विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला वाटतं तसं? तेव्हापासून त्यांनी तासात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने गुपचूप मत द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं, अशी पद्धत सुरू केली. हार्वर्डमध्ये यासाठी पुढे हातात धरायची बटणयंत्रं आली. आमच्याकडे अर्थातच तसलं काही नाही. पण प्लिकर्स नावाचं ॲप आहे. त्यात मुलांच्या हातात फक्त छापील कागद असतो. त्यावर क्यूआरसारखी चौकोनी नक्षी आणि चार कडांना बारीक ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं, बाईंनी मोबाईल वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते फोनमध्ये येतं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला कळत नाही.

कार्डं पाटणला छापून घेतली आणि टिकावीत म्हणून लॅमिनेट केली. इथे फसले. खिडकीतून उजेड आला की प्लास्टिक चमकतं आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. वर पोरं कार्ड घट्ट धरतात, अंगठा बरोबर नक्षीवर. "अंगठा काढ रे, आधार कार्डाला लावतोयस का?" असं ओरडत पहिला तास गेला. मग साध्या जाड कागदावर पुन्हा छापली. रेंज फक्त दाराशी यायची, त्यामुळे स्कॅन करायला मला अर्धी व्हरांड्यात उभं राहावं लागायचं. ऑगस्टच्या पावसात चार दिवस वीज आणि रेंज दोन्ही नव्हती, तेव्हा डोळे मिटून छातीशी एक ते चार बोटं धरायला लावली. तेही बऱ्यापैकी जमलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मग मोबाईल कशाला पाहिजे होता?" प्रश्न रास्त होता. पण बोटांच्या वेळी डोळे किलकिले करून पहिल्या नंबरच्या पोराकडे बघणारे निम्मे असतात. कार्डाच्या वेळी कुणाकडे बघून उपयोग नसतो. आणि आमच्या वर्गातल्या सात-आठ मुली वर्षभर हात वर करत नाहीत, त्यांचं मत मला पहिल्यांदा कार्डावर दिसलं.

एक भानगड राहिली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की तुलनेला नियंत्रित गट हवा. म्हणून 'अ' तुकडीला कार्डं आणि सिम्युलेशन, 'ब' तुकडीला नेहमीसारखं खडू-फळा. तिसऱ्याच दिवशी 'ब'ची मुलं दारात. "आमाला का न्हाई, बाई?" काय सांगणार? तुम्ही नियंत्रित गट आहात? शिवाय गावात अर्धी पोरं एकमेकांची चुलतभावंडं. 'अ'मध्ये सकाळी झालेला प्रश्न दुपारी डब्याच्या वेळी 'ब'मध्ये पोचलेला असायचा, उत्तरासकट, आणि कधीकधी चुकीच्या उत्तरासकट. दोन आठवड्यांत मी नियंत्रित गट मोडला आणि दोन्हीकडे सारखंच सुरू केलं. संशोधनाचं काय व्हायचं ते होवो.

आता तो तास सांगते.

प्रश्न फळ्यावर होता. घट, दोन बल्ब, एकसर. ए: धन टोकाजवळचा जास्त उजळेल. बी: ऋण टोकाजवळचा. सी: दोन्ही सारखे. डी: एकही पेटणार नाही. पहिल्या मतात 'ए'ची चलती. उत्तर न सांगता मी म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. आणि तीन सेकंद नाही, पाच मिनिटं गप्प राहिले.

वर्गात जो कालवा झाला त्यातला एक तुकडा मला नीट ऐकू आला, कारण तो पहिल्याच बाकावर घडला. कोयनानगरहून येणारी एक मुलगी आहे. ती शेजारणीला सांगत होती, "शिवसागराचं पाणी बोगद्यातनं पोफळीला जातं. तिथं टर्बाइन फिरवतं. मग पुढं वाशिष्ठीत सोडत्यात. पाणी संपतं काय तिथं? जेवढं गेलं तेवढंच भायेर येतं की."

"मग संपतं काय?"

जरा थांबून ती म्हणाली, "उंची."

शिवसागर म्हणजे आमच्या कोयना धरणाचा जलाशय. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट, हे मी दरवर्षी सांगते. धरण आमच्या तालुक्यात, मोठी वीजघरं घाटाखाली चिपळूण तालुक्यात, आणि शाळेत दिवे जातात ते जातातच, असा एक ठरलेला विनोदही करते. पण विद्युतधारा आणि विभवांतर (व्होल्टेज) समजावायला हे घरचं पाणी वापरावं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तोंडावर आलेलं "शाब्बास" मी गिळलं, कारण शाब्बास म्हटलं की वाद संपतो.

दुसऱ्या मतात 'सी' बरंच वर आलं, पण 'ए'चा गटही हटला नव्हता. मी टेबलावर खरी जोडणी मांडली. तीन सेल, दोन टॉर्चचे बल्ब, तारा. सगळे पुढे सरकले. स्विच दाबला.

धन टोकाजवळचा बल्ब लख्ख पेटला आणि दुसरा मिणमिणता.

'ए'वाल्यांनी बाक वाजवले. मला घाम फुटला. आदल्या रात्री जोडणी करून बघायचा आळस केला होता. कारण काय असेल ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि सवयीप्रमाणे मी सांगूनही टाकलं असतं. पण पाठीमागे बोटं मोजायची सवय एव्हाना लागली होती. एक. दोन. तीन.

"बाई, बल्बांची अदलाबदल करून बघू."

कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही. अदलाबदल केली. आता ऋण टोकाजवळचा बल्ब लख्ख आणि धन टोकाजवळचा मिणमिणता. म्हणजे उजेड जागेबरोबर राहिला नाही, बल्बाबरोबर गेला. "बल्बच तसला हाय!" एकाने प्रयोगशाळेतून बहिर्गोल भिंग पळवून आणलं. बल्बांच्या धातूच्या टोपीवर बारीक आकडे असतात. एकावर निघाले २.५ व्ही, ०.३ ए, दुसऱ्यावर २.५ व्ही, ०.२ ए. त्यावरून रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, काढायला कुणी सांगावं लागलं नाही. फळ्याशी दोघं आपणहून गेले. ज्याचा रोध जास्त तोच लख्ख होता, आणि हे कसं काय, यावर पुन्हा रण पेटलं, कारण रोध जास्त म्हणजे उजेड कमी असं पाठ केलेलं.

मग मी टीव्ही लावला. सिम्युलेशनमध्ये बल्बवर टिचकी मारली की त्याचा रोध कमी-जास्त करता येतो. मूळचे दोन्ही बल्ब दहा ओहमचे, म्हणून पडद्यावर नेहमी सारखेच पेटतात आणि शिकवणाऱ्याची कधी फजिती होत नाही. पोरांनी एकाचा रोध वाढवत वाढवत पडदा टेबलासारखा दिसेपर्यंत नेला. मग बल्बांच्या अलीकडे, मधे आणि पलीकडे अमीटर लावला. तिन्ही ठिकाणी आकडा तोच. म्हणजे धारा सारखीच, ज्याचा रोध जास्त त्याच्यात 'उंची' जास्त संपते. आमच्या प्रयोगशाळेतल्या अमीटरचा काटा चिकटतो, त्याला टिचकी मारूनच पुढे सरकवावं लागतं. त्याच्यावर हे दाखवणं अशक्य होतं. त्या दिवशी घट पेटवा म्हणून कुणी म्हणालं नाही.

घंटा झाली. मी भूगोलाच्या बाईंकडे तक्ता मागितला. पहिल्या तीन ओळी भरलेल्या, पुढे कोरा.

"अहो, हे काय?"

"मी टेबलापाशी नव्हते का!" त्या म्हणाल्या. "तो भिंगवाला मला आकडे दाखवत होता."

तर माझ्या संशोधनातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तासाची नोंद अशी आहे: पहिली सहा मिनिटं, आणि नंतर निरीक्षक उठून गेल्या. अहवालात ते मी तसंच लिहिलं. बाकीच्या तासांचे तक्ते जोडले. सोबत हेही लिहिलं, की मागे कुणी वही घेऊन बसलं की आमची मुलं हाताची घडी घालून, तपासणीला साहेब आल्यासारखी बसतात, त्यामुळे सुरुवातीच्या तक्त्यांवर फार भिस्त ठेवू नये. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांवरून याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. ते प्रयोग १९२४ ते १९३२ दरम्यान झाले आणि नाव पुढे १९५०च्या दशकात रूढ झालं. हे सगळं सविस्तर लिहिलं, जरा विद्वत्ताही दिसावी म्हणून.

उत्तरचाचणीत दोन बल्बांचा प्रश्न बऱ्याच जणांनी बरोबर सोडवला. सगळ्यांनी नाही. बॅटरीवाल्याने 'सी' लिहून पुढे कंस केला होता, (बल्ब सारखे असतील तर). या कंसाला पूर्ण गुण द्यायचे की जास्त, यावर मी आणि भूगोलाच्या बाईंनी चहा संपेपर्यंत वाद घातला.

सादरीकरणात परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले. नियंत्रित गट का मोडला? संख्याशास्त्रातलं टी-मूल्य का काढलं नाही? आणि हा तक्ता कोरा का? तिन्हींची खरी उत्तरं दिली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "पुढच्या वेळी निरीक्षकांना जागेवर बसायला सांगा" म्हणाले. क्रमांक अर्थातच आला नाही. पहिला आलेला अहवाल मी मुद्दाम चाळला. आलेख रंगीत होते आणि दर आठवड्याला सहभाग न चुकता वाढत गेला होता.

यंदा जूनमध्ये पुन्हा पाटणच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. आता सगळीकडे एलईडी, टॉर्चचे जुने बल्ब कुणी मागत नाही. दुकानदाराने खालच्या खणातून धूळ बसलेलं खोकं काढलं आणि बल्ब एकेक करून काचेवर मांडू लागला.

"शाळेसाठी ना बाई? थांबा, सगळे सारखे बघून देतो."

"नको," मी म्हटलं. "दोन वेगवेगळे शोधा. आणि आज घरी जोडून बघणार आहे मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आणि खोकं पुन्हा उपडं केलं.